विकतची धूळ

धूळ विकत मिळते, हे मला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात कळलं. बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या बाटल्या, वर घट्ट झाकण आणि प्रत्येकीवर परदेशी भाषेत नाव. रस्त्याची धूळ. जुना गंज. इंजिनाची काजळी. बदलापूरला बेलवलीत राहणाऱ्या एका निवृत्त साहेबांनी त्या माझ्यासमोर अत्तराच्या कुप्यांसारख्या मांडल्या आणि म्हणाले, "जपून वापर हं. जर्मनीहून मागवल्यात."

मी अंबरनाथला बुवापाड्यात वाढले. आमच्याकडे काजळी मागवावी लागत नाही. कंपन्यांच्या बाजूने वारा सुटला की ती आपण होऊन येते आणि भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, आईच्या दुकानाच्या शटरवर बसते. घराला लागूनच आईचं पिको-फॉलचं दुकान आहे. म्हणजे एक शटर, एक मशीन, एक ट्यूबलाइट आणि दोरीवर लोंबणाऱ्या लोकांच्या साड्या. कुणाच्या नव्या साडीला काळा डाग लागला तर गिऱ्हाईक तुटतं, म्हणून आई रोज सकाळी आधी शटर ओल्या फडक्याने पुसते आणि मग उंबरठा धुते. त्या बाटल्या बघून मला हसू आलं की राग आला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्या वेळी मी फक्त "हो काका" म्हटलं.

काका म्हणायचं हे त्यांनीच ठरवलं होतं. सर म्हटलं की ऑफिसात बसल्यासारखं वाटतं, म्हणायचे. एका मोठ्या कारखान्यात ते अधिकारी होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या एका अख्ख्या बेडरूममध्ये छोटी रेल्वे मांडली. कमरेएवढ्या उंचीचं टेबल, त्यावर रूळ, बोगदा, स्टेशन आणि गोल गोल फिरणारी खेळण्यातली गाडी. खेळण्यातली म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. मॉडेल म्हणायचं. त्यात सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं असतं. माणूस पाऊण इंचाचा, दुकान काडेपेटीपेक्षा जरा मोठं. मी इंटिरिअर डिझाइन शिकते. कॉलेजच्या प्रदर्शनात मी एका दुकानाचं पुठ्ठ्याचं मॉडेल ठेवलं होतं. ते काकांनी वाकून वाकून पाहिलं आणि विचारलं, "माझ्या स्टेशनाबाहेर बाजार करशील? आपल्या उल्हासनगरसारखा?"

मी लगेच हो म्हटलं, आणि त्याचं कारण कलेचं प्रेम नव्हतं. शेवटच्या सत्रात आम्हाला एखाद्या स्टुडिओत इंटर्नशिप करावी लागते. तसं पत्र आणलं नाही तर सत्र पूर्ण धरत नाहीत. वर्गातल्या बऱ्याच जणांचं काम घरातूनच झालं. कुणाचे मामा आर्किटेक्ट, कुणाच्या बाबांचा मित्र बिल्डर. माझ्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बाबा कंपनीत कंत्राटावर आहेत, त्यांची सगळ्यात मोठी ओळख म्हणजे गेटवरचा वॉचमन. काका म्हणाले, "माझा भाचा मुंबईत शोरूमचे सेट करतो. त्याला बोलावतो. तुझी दुकानं बघितली की घेऊन टाकेल तुला." पुढचं सगळं मी त्या वाक्यासाठी केलं.

काम मला आवडत होतं, ते मात्र खरं. सनबोर्ड कापून भिंती केल्या. बिस्किटांच्या पुड्यातला चुणीदार कागद चंदेरी रंगवला की हुबेहूब शटर होतं. दुकानाच्या काचा साडीच्या खोक्यावरच्या प्लास्टिकच्या केल्या. फरसाणाच्या दुकानात रंगवलेला रवा भरला, पापडाच्या दुकानात पंचिंग मशीनने पाडलेल्या कागदी चकत्या रचल्या. कापडाच्या दुकानात आईकडच्या साड्यांचे कातरलेले काठ घड्या करून लावले. एकूण सहा दुकानं. शेवटचं पिको-फॉलचं होतं. ते मी न विचारता केलं.

दिवे आणायला उल्हासनगरला गेले. तिथे कॅम्पात, म्हणजे जुन्या सिंधी वस्तीत, एका सिंधी काकांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. मी तांदळाच्या दाण्याएवढे एलईडी मागितले तर ते म्हणाले, "कहाँ लगाएगी बेटा?"

"दुकान में."

"कितना बड़ा दुकान?"

मी दोन बोटांनी दाखवलं. ते गल्ल्यावरच्या आपल्या भावाला ओरडून म्हणाले, "सुन, इसका भाड़ा देख कितना कम पड़ेगा! अपन भी उधर शिफ्ट हो जाते हैं." मग त्यांनी स्वतः बसून ते केसासारखे तारेचे तुकडे मला वेगळे करून दिले आणि विचारलं, "सफेद ना?" मी हो म्हटलं. त्यात विचारण्यासारखं काही आहे, असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

बदलापूरच्या काकांना वाटलं. "पांढरा? छे! वॉर्म हवा. पिवळा. जुन्या काळचा फील आला पाहिजे."

"पण काका," मी म्हटलं, "तिकडे सगळीकडे पांढराच असतो. पिवळ्यात कापडाचा रंग कळत नाही, गिऱ्हाईक उभं राहत नाही."

"अगं, इथे कोण कापड घेणार आहे?"

ते बरोबरच होतं. तिथे कुणी कापड घेणार नव्हतं. मी परत जाऊन पिवळे दिवे आणले. भिंतींतून उजेड झिरपू नये म्हणून आतून काळा कागद चिकटवला आणि पहिल्यांदा बटण दाबलं. काका टाळ्या वाजवून म्हणाले, "क्या बात है! रोमँटिक!" मला त्या दिवशी एक गोष्ट समजली. आमच्यासारख्यांची दुकानं पिवळ्या उजेडात बघायला बरी वाटतात. पांढऱ्यात ती नुसती दुकानं दिसतात, आणि नुसतं दुकान बघायला बेलवलीत कोण येणार?

उल्हासनगर म्हणजे 'ऑथेंटिक' असं काका सारखं म्हणायचे. ते तिथे शेवटचे गेले होते सोफा घ्यायला, असं काकूंनी मला चहा देताना सांगितलं. "आणि तेव्हासुद्धा गाडीतून खाली उतरले नाहीत. एसी लावून बसले. भाव मीच केला." काकूंना त्या खोलीचा कंटाळा आला होता. "इथे बाईला झाडू मारायची बंदी, यांची धूळ बिघडते म्हणे. आणि बाहेर टीव्हीवर बोट फिरवून तिलाच ओरडतात."

रविवारी काकांचे दोन मित्र यायचे. दोघेही निवृत्त, दोघांच्याही घरी अशाच गाड्या. हे लोक इंजिनावरचे रिव्हेट मोजतात आणि एक कमी निघाला तर घरातलं माणूस गेल्यासारखे गप्प होतात. माझी दुकानं त्यांनी भिंगातून तपासली. एक जण म्हणाला, "सुबक आहेत. पण फार नवी वाटतात."

दुसऱ्याने भिंग खाली ठेवलं. "काय कमी आहे सांगू का? गरिबी. जरा गरिबी कमी पडतेय."

"तेच!" काका म्हणाले. "वेदरिंग राहिलंय." म्हणजे नवी वस्तू मुद्दाम जुनी, मळकी करणं.

तिघेही मान डोलवत होते, जेवणात मीठ कमी आहे असं म्हणावं तसे. मी तिथेच उभी होते. माझ्याकडे कुणी चोरून पाहिलंसुद्धा नाही, म्हणजे मला लागेल असं त्यांच्या मनातही आलं नसावं. त्यानंतर त्या बाटल्या निघाल्या. काकांनी मला दुकानं आणि बाटल्या घरी न्यायला दिल्या. पुढच्या रविवारी भाचा येणार होता.

मी आठवडाभर गरिबी लावली. दुसरा शब्द मला सुचत नाही. मऊ ब्रशने शटरच्या चुण्यांत काजळी, पाटीखाली गंजाचे ओघळ, उंबरठ्यावर रस्त्याची धूळ. पिको-फॉलच्या दुकानाला लावताना हात जरा अडला, पण लावली. शनिवारी दुपारी सगळी दुकानं कपाटावर वाळायला ठेवून मी कॉलेजला गेले. आईला एवढंच सांगितलं होतं की हे उद्या बदलापूरच्या साहेबांकडे द्यायचंय आणि माझी इंटर्नशिप त्यावर आहे.

संध्याकाळी घरी आले तर आई दुकानाच्या ओट्यावर बसली होती, पुढ्यात पाट, पाटावर माझी सहा दुकानं. लखलखीत. हातात जुना टूथब्रश.

"बघ," ती म्हणाली, "किती मळली होती! साहेबाच्या घरी अशी नेणार होतीस? म्हणतील, आईने काही शिकवलं नाही."

तिने नुसती पुसली नव्हती. प्रत्येक उंबरठ्यावर काडीने हळद-कुंकू लावलं होतं. प्रत्येक दारावर केशरी मण्यांचं तोरण, साडीच्या लटकनातले मणी दोऱ्यात ओवून. आणि पिको-फॉलच्या दुकानाला एक पिवळा मणी आणि हिरव्या दोऱ्याच्या गाठी, म्हणजे लिंबू-मिरची.

"आई, काय केलंस हे! ती धूळ लावलेली होती! मी लावली होती!"

"तू लावलीस? कशाला?"

"तशीच हवी होती त्यांना. विकतची होती ती. जर्मनीची."

आई माझ्याकडे बघत राहिली. मी चेष्टा करतेय का, हे ती बघत होती. "विकतची? मग मला सांगायचं ना. शटरच्या पट्टीत पाहिजे तेवढी आहे." आणि ती खरोखरच उठली, कागदाच्या तुकड्यावर शटरच्या खाचेतली काळी धूळ गोळा करून घेऊन आली. "घे. ही फुकट आहे."

मी तिच्यावर ओरडले. काय बोलले ते इथे लिहावंसं वाटत नाही. ती म्हणाली, "नवीन दुकानात पहिल्यांदा दिवा लागणार, तो हळद-कुंकवाशिवाय कसा लावायचा? छोटं असलं म्हणून काय झालं?" मी बाटल्या काढल्या, ब्रश घेतला, पहिलं दुकान हातात धरलं. उंबरठ्यावर हळद अजून ओली होती. मी ब्रश खाली ठेवला. सकाळी उठून करू म्हटलं, आणि सकाळीही केलं नाही.

मिठाईच्या खोक्यात दुकानं ठेवून मी बदलापूरला गेले. काकांनी खोका उघडला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे काय? हे तर दिवाळीचं प्रदर्शन झालंय."

"काका, आईने पुसलं. चुकून. म्हणजे तिला वाटलं की..."

"मग परत कर ना! अजून तास आहे. बाटल्या आणल्यास ना?"

"आणल्यात." मी त्या टेबलावर ठेवल्या. "पण मी नाही करत, काका. सॉरी. तुम्ही करा."

हे मी फार हळू बोलले. त्यांना नीट ऐकूही आलं नसेल, पण बाटल्या समोर होत्या. त्यांनी वाद घातला नाही, त्यांच्याकडे वेळ नव्हता. ते खुर्ची ओढून बसले, चिमट्याने एकेक तोरण उपटून काढलं. "हा मणी स्केलमध्ये केवढा होतो माहितेय? नारळाएवढा! दारावर नारळांची माळ लावतं का कुणी?" मग ब्रश घेऊन हळदीवर धूळ भरायला लागले. हे करताना त्यांची जीभ ओठांवर आली होती. आयुष्यभर ज्यांनी कामगारांना मळके हात धुऊन मगच केबिनमध्ये घेतलं असेल, ते गृहस्थ श्वास रोखून एका उंबरठ्यावर घाण ठेवत होते. मला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली. लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण ते माझ्याशी कधी वाईट बोलले नव्हते आणि दर वेळी रिक्षापर्यंत सोडायला यायचे. पण नाही आली.

भाचा उशिरा आला, फोनवर बोलतच आला. मित्र आले. काकांनी पडदे ओढले, गाडी सुरू केली, दुकानांचं बटण दाबलं. पिवळा उजेड पडला. दारात उभ्या असलेल्या काकूंचे हात आपोआप जोडले गेले, दिवेलागणीला जोडावेत तसे. माझाही हात कपाळाकडे गेला. एक मित्र हसला. "वहिनी, नमस्कार कुणाला? एलईडीला?" काकूंनी हात पदरात घेतले आणि आत गेल्या.

भाच्याने फोन ठेवला आणि वाकून पाहिलं. "मामा, वेदरिंग मस्त! कुणी केलं?"

"मीच," काका म्हणाले. "दुकानं हिची."

"अच्छा." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "कुठली तू?"

"अंबरनाथ. बुवापाडा."

"ओ, मग तर रेफरन्स घरातच आहे! हे पिको-फॉलवालं कुठून कॉपी केलंस?"

"आईचं दुकान आहे."

"परफेक्ट. ऐक, मला एका शोरूमसाठी असंच लागणार आहे. जुना बाजार, घाणेरडं शटर, रॉ टेक्स्चर. तुझ्या आईच्या दुकानाचे चांगले फोटो पाठव. क्लोजअप. गंज, काळे डाग, सगळं. ते आवडले तर इंटर्नशिप पक्की समज."

त्याने नंबर दिला. काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

घरी सांगितलं तर आईला एवढंच ऐकू आलं की मुंबईचे साहेब आपल्या दुकानाचे फोटो बघणार. तिने त्या दिवशी मशीन बंद ठेवलं. बाबांकडून शटरला रंग लावून घेतला. जाळ्या काढल्या, ट्यूबलाइट उतरवून पुसली, साड्या रंगांप्रमाणे लावल्या, उंबरठा घासायला बसली. मी फोन हातात घेऊन उभी होते. एका वाक्यात सांगता आलं असतं. आई, त्यांना घाण हवीय. ते वाक्य मी मनात दोन-तीनदा जुळवलं. इंटर्नशिपही डोळ्यांसमोर होती. आई म्हणाली, "उभी काय राहिलीस, बादली आण." मी फोन खिशात टाकला आणि बादली आणली. मग तिच्याबरोबर घासायलाही बसले.

फोटो चांगले आले. निळं शटर, पांढरा उजेड, नवं तोरण आणि मधोमध लग्नातली साडी नेसलेली आई, हात कुठे ठेवावेत हे न कळून मशीनवर ठेवलेले. मी ते सगळे पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आलं. "थोडं रॉ हवं होतं यार. सध्या जागा नाहीये. ऑल द बेस्ट."

आईने विचारलं, "आवडले का गं फोटो?"

या वेळी मी खरं सांगितलं. "नाही. त्यांना दुकान मळकं हवं होतं."

आईने दाताने दोरा तोडला. "मग सकाळी लवकर यायचं, मी झाडायच्या आधी," ती म्हणाली आणि पुढची साडी घेतली.

पत्र अखेर उल्हासनगरहून मिळालं. दिव्यांचे पैसे द्यायचे राहिलेत का बघायला गेले, तर इलेक्ट्रिकवाल्या काकांनीच विचारलं, "वो छोटा दुकान चला क्या?" मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे मला विशेष वाटलं. त्यांचा दुसरा एक भाऊ दुकानांच्या दर्शनी बाजू करून देतो, पाट्या, काचा, दिवे. त्याच्याकडे मी सत्रभर काम केलं. कॉलेजातल्या मॅडमनी पत्र दोन बोटांत धरून विचारलं, "हा स्टुडिओ आहे का?" मी म्हटलं, "दुकान आहे, मॅडम." त्यांनी सुस्कारा सोडून सही केली. तिथे प्रत्येक मालकाची एकच मागणी असते: उजेड पांढरा हवा, भरपूर हवा आणि काचेवर एक बोट दिसता कामा नये.

मध्यंतरी बदलापूरच्या काकांचा फोन आला. आवाज काळजीचा होता. त्यांच्या गाडीवाल्या मित्रांचं संमेलन जवळ आलं होतं.

"अगं, त्या दुकानांच्या उंबरठ्यांवर पिवळं काहीतरी वर येतंय. मी पुन्हा धूळ लावली, पुन्हा वर आलं. सहाही दुकानांना. काय आहे ते?"

"हळद आहे, काका."

"मग निघेल कशाने?"

"नाही निघत ती."

पलीकडून गाडी फिरल्याचा बारीक आवाज येत होता. मला काही वाईट बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं, "बघा ना, जर्मनीत काही मिळतं का."